बरेच दिवस बंद असलेला फ्लो सायटोमीटर: प्रवाहाच्या तक्रारींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लो सायटोमीटर म्हणजे द्रवात वाहणाऱ्या पेशी एकेक करून लेझरसमोरून नेणारं आणि मोजणारं मशीन. काही आठवडे किंवा महिने न चालवलेलं असं मशीन पुन्हा सुरू करताना द्रवाच्या वाटेत जे अडथळे येतात, त्याबद्दलचे हे प्रश्न आहेत. बटणांची नावं आणि पायऱ्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. इथे भर आहे तो द्रव कुठून कुठे जातो आणि वाटेत कुठे अडतो यावर. ‘सुई’ म्हणजे ट्यूबमधलं सॅम्पल वर नेणारी बारीक नळी, ‘शीथ’ म्हणजे सॅम्पलला चहूबाजूंनी वेढून नेणारा द्रव, ‘फ्लो सेल’ म्हणजे जिथे लेझर पेशींवर पडतो ती काचेची अरुंद वाट आणि ‘इव्हेंट’ म्हणजे तिथून गेलेल्या एका कणाची नोंद.

मशीन सुरू झालं, एरर नाही, लेझरही चालू आहेत. पण इव्हेंट येतच नाहीत. आधी काय बघू?

आधी काय करू नये ते सांगतो. डिटेक्टरचं व्होल्टेज वाढवू नका, थ्रेशोल्ड (ज्याच्या वरचाच सिग्नल इव्हेंट म्हणून मोजला जातो ती पातळी) खाली ओढू नका. बंद राहिलेल्या मशीनमध्ये लेझर आणि डिटेक्टर बहुधा जसे होते तसेच असतात. बिघडतं ते पाणी वाहून नेणारं सगळं. सेटिंग बदलत बसलात तर मूळ दोष तसाच राहतो आणि वर जुन्या सेटिंगचा आधारही हातून जातो.

द्रव ज्या दिशेने जातो त्याच दिशेने तुम्हीही जा. शीथच्या टाकीत द्रव आहे का, झाकण नीट बसलंय का, झाकणाच्या कडेचा गास्केट कडक झालाय का, हवेची नळी पूर्ण आत खोचली आहे का. मग फिल्टर, फ्लो सेल, शेवटी वेस्टची टाकी. ही झाली शीथची वाट. सॅम्पलची वाट वेगळी आणि छोटी आहे: ट्यूब, सुई, तिथून फ्लो सेल. दोन्ही वाटा फ्लो सेलमध्ये भेटतात, त्यामुळे कुठल्या वाटेत बिघाड आहे हे कळलं की अर्धं काम झालं.

टाकी दाबाखाली चालणारी असेल तर झाकण उघडण्याआधी दाब सोडा. आणि टाकी काठोकाठ भरू नका. वर हवेला जागा लागते. चार लिटरच्या टाकीत साधारण तीन लिटर पुरे.

नुसतं बंद ठेवल्याने प्रवाह बिघडतोच कसा? कुणी हातही लावला नव्हता.

हात लावला नाही म्हणूनच. चालू मशीनमध्ये द्रव सतत पुढे सरकत असतो आणि स्वतःच वाट धूत असतो. तो थांबला की चार गोष्टी हळूहळू घडतात.

पहिली म्हणजे मीठ. एक लिटर पीबीएसमध्ये (शीथ म्हणून वापरतात ते फॉस्फेटचं खारं द्रावण) नुसतं सोडियम क्लोराइडच ८ ग्रॅम असतं, फॉस्फेट वेगळं. म्हणजे कुठल्याशा सांध्यात अडकलेला एक मिलिलिटर सुकला तर ८ मिलिग्रॅमहून जास्त क्षार मागे उरतात. फ्लो सेलचा मार्ग शे-दोनशे मायक्रॉन रुंदीचा आणि सुईचं भोकही बारीक, तेव्हा तेवढे क्षार वाट बुजवायला भरपूर झाले. टाकीच्या जोडणीवर किंवा सुईच्या टोकाला पांढरी, खरखरीत पूड दिसली तर आतही तेच आहे असं धरून चाला.

दुसरी, वाढ. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या साचलेल्या शीथमध्ये जिवाणू नळीच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतात. हा थर मिठासारखा पाण्याने विरघळत नाही. तो तुकड्यातुकड्याने सुटत राहतो, म्हणून आज साफ दिसलेलं मशीन दोन दिवसांनी पुन्हा घाण दाखवतं.

तिसरी, हवा. द्रव थोडा आटतो, सांध्यांतून हवा शिरते, फिल्टरच्या माथ्यावर जमते.

चौथी गोष्ट लोक विसरतात: रबर. ओ-रिंग सुकून कडक होते, पेरिस्टाल्टिक पंपाची नळी रोलरखाली एकाच जागी दाबली जाऊन चपटी होते, सिरिंज पंपाच्या सीलवर मिठाचे कण बसतात. ही दुरुस्ती कुठल्याही रसायनाने होत नाही. भागच बदलावा लागतो.

दोष प्रवाहाचा आहे की लेझरचा, हे कसं ओळखायचं?

यासाठी माझं आवडतं साधन म्हणजे वेळेचा प्लॉट. क्यूसी बीड्स (मशीन तपासायचे, सारखेच चमकणारे बारीक मणी) चालवा आणि आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर कुठलाही एक फ्लुरोसन्स (लेझर पडल्यावर दिसणारी रंगाची चमक) ठेवून दोन-तीन मिनिटं बघत राहा. प्रवाह निरोगी असेल तर सलग, सपाट पट्टा दिसतो. पट्टा मध्येच तुटून पुन्हा सुरू होत असेल तर बुडबुडे. इव्हेंटची दाटी हळूहळू विरळ होत गेली तर सुईत किंवा फ्लो सेलमध्ये काहीतरी साठतंय. ठरावीक अंतराने लाटा येत असतील तर पंपाची नळी संशयित. पट्टा सपाट आहे, सलग आहे, पण नेहमीपेक्षा खाली आहे, तर मग मात्र लेझरकडे बघा. तो गरम व्हायला अर्धा तास दिला होता का, हेही.

दुसरी खूण एकापेक्षा जास्त लेझर असलेल्या मशीनसाठी आहे, आणि ती फार उपयोगी आहे. लेझरचे किरण एकाच जागी पडत नाहीत, एकामागोमाग थोड्या अंतरावर पडतात. पेशी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोहोचेल हे मशीनने गृहीत धरलेलं असतं. समजा किरणांमधलं अंतर २०० मायक्रॉन आणि पेशीचा वेग सेकंदाला ५ मीटर. म्हणजे ४० मायक्रोसेकंद. दाब कमी पडून वेग ४ मीटरवर आला की तेच अंतर कापायला ५० मायक्रोसेकंद लागतात, आणि मशीन मात्र ४० व्याच मायक्रोसेकंदाला बघून मोकळं झालेलं असतं. परिणाम असा, की पहिल्या लेझरचे रंग ठीक येतात आणि बाकी लेझरचे एकदम फिके पडतात. अशा वेळी ‘लाल लेझर गेला’ असा निष्कर्ष निघतो आणि सर्व्हिसला फोन होतो. खरं तर झाकणाचा गास्केट हवा सोडत असतो.

सगळ्या बीड्सच्या शिखरांची रुंदी वाढली आहे. सीव्ही (शिखर किती पसरलंय याचं माप) आधी इतका नव्हता.

सॅम्पलचा धागा जागेवर नाही किंवा जाड झालाय. १९५३ साली पी. जे. क्रॉसलँड-टेलर यांनी पेशींचा द्राव वेगाने वाहणाऱ्या द्रवाच्या मधोमध सोडून त्यांना एका ओळीत आणायची युक्ती मांडली, आणि बहुतेक मशीन आजही त्याच युक्तीवर चालतात. शीथचा जोर कमी झाला किंवा सॅम्पलचा दाब त्या मानाने वाढला की मधला धागा फुगतो. मग काही पेशी किरणाच्या मध्यातून जातात, काही कडेने, आणि सारख्याच बीड्स वेगवेगळ्या उजेडाच्या दिसतात.

सर्वात हळू वेगावर चालवून बघा. तिथे सीव्ही सुधारला तर दाबांचा तोल बिघडलाय. तिथेही सुधारला नाही तर फ्लो सेलच्या भिंतीवर काहीतरी चिकटलंय किंवा बुडबुडा बसलाय.

ट्यूब काढल्यावर सुईच्या टोकाला थेंब यायला हवा की नको?

दाबावर चालणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये यायला हवा. ट्यूब नसताना सॅम्पलच्या बाजूने विरोध नसतो, त्यामुळे शीथ उलट दिशेने सुईतून खाली येतं आणि सुई आतून धुतली जाते. हे पाणी टेबलावर पडू नये म्हणून सुईभोवतीच्या बाहेरच्या नळीतून ते शोषून घेतलं जातं. ही बाहेरची नळी मॅन्युअलप्रमाणे काढून ठेवली, की थेंब डोळ्यांनी दिसतात.

थेंब नियमित येत असतील तर सुई मोकळी आहे. अजिबात येत नसतील तर सुई तुंबली आहे, किंवा शीथच पोहोचत नाही. ही एवढी तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिच्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही.

उलट तक्रारही येते: बाहेरची नळी जागेवर असूनही पाणी टपकत राहतं. तिथे शोषण कमी पडतंय. व्हॅक्युमची नळी मिठाने बंद झाली असेल, वेस्टची टाकी भरली असेल किंवा त्या नळीची ओ-रिंग झिजली असेल.

तुंबलेली सुई मोकळी कशी करू? तार घालून बघू का?

तार नको. आतली भिंत ओरखडली की पुढची प्रत्येक घाण तिथेच अडकते, आणि ढकललेला खडा वर फ्लो सेलमध्ये जाऊन बसण्याची भीती असते. तो तिथून काढणं तुमच्या हातात राहत नाही.

आधी साधं डिस्टिल्ड पाणी. ट्यूबमध्ये पाणी घेऊन सुई त्यात तासभर बुडवून ठेवा, मग सर्वात जास्त वेगावर चालवा. मिठाला वेळ लागतो, उष्णता नाही. सोडियम क्लोराइड १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशाला ३६ ग्रॅमच्या आसपास विरघळतं आणि उकळत्या पाण्यात जेमतेम ३९. तेव्हा कढत पाण्याने फायदा नगण्य, आणि चिकटवलेल्या काचेच्या भागांना धोका मात्र खरा.

पाण्याने जमलं नाही तर अडथळा मिठाचा नाही, प्रथिनांचा किंवा पेशींचा आहे. मग मशीनच्या कंपनीने सांगितलेला डिटर्जंट, त्यानंतर ब्लीच. सुई सुटी होत असेल तर काढून सोनिकेटरमध्ये पाण्यात ठेवता येते. सॉर्टरच्या (पेशी निवडून वेगळ्या काढणाऱ्या मशीनच्या) नोझलसाठीही हाच उपाय. फक्त नोझलची छोटी ओ-रिंग आधी काढा, ती हमखास हरवते.

ब्लीच, डिटर्जंट, अल्कोहोल, पाणी. क्रम काय?

प्रत्येक दोन रसायनांच्या मध्ये पाणी. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

बाजारातल्या ब्लीचमध्ये साधारण ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी केलं की अर्ध्या टक्क्याच्या जवळ येतं, आणि तेवढं पुरतं. जास्त तिखट केल्याने लवकर साफ होत नाही, स्टील मात्र गंजतं. पातळ केलेलं ब्लीच त्याच दिवशी वापरा. कपाटाच्या मागे सापडलेली, गेल्या वर्षीची तारीख असलेली बाटली म्हणजे जवळजवळ खारं पाणीच. जैविक थर काढायचा असेल तर पाच-दहा मिनिटं ब्लीच चालवा, मध्ये पाणी, तेवढाच वेळ डिटर्जंट, मग त्याच्या दुप्पट वेळ पाणी. जुना थर एका फेरीत निघेल अशी आशा ठेवू नका.

शीथच्या वाटेतून ब्लीच न्यायचं असेल तर शीथचा फिल्टर बाजूला काढून बायपासची नळी जोडा. फिल्टरच्या पापुद्र्यात ब्लीच मुरलं की ते कितीतरी दिवस थोडं थोडं सुटत राहतं आणि पेशींवर, रंगांवर परिणाम करतं.

७० टक्के अल्कोहोल शेवटी, आणि तेही पाण्याने पीबीएस पूर्ण निघाल्यावरच. अल्कोहोल मिठाला द्रवाबाहेर काढतं आणि प्रथिनं गोठवतं. खाऱ्या नळीत थेट अल्कोहोल सोडणं म्हणजे स्वतःच अडथळा तयार करणं.

सुरक्षेचं थोडक्यात: ब्लीच आम्लाशी किंवा अमोनियाशी मिसळलं की विषारी वायू सुटतो, अल्कोहोलशीही मिसळू नका. शीथमध्ये सोडियम अझाइड असेल तर त्यात आम्ल जाऊ देऊ नका आणि तांब्या-शिशाच्या पाइपांतून ते सिंकमध्ये ओतू नका. तिथे साठणारे धातूंचे अझाइड स्फोटक असतात.

फिल्टरमध्ये हवा दिसते. चालेल का?

नाही. फिल्टरच्या वरच्या टोकाला हवा सोडायचा छोटा झडपेचा तोंड असतो. मशीन दाबाखाली असताना तो उघडा, खाली कागद धरा, बुडबुडे जाऊन सलग पाणी आलं की बंद करा. फिल्टरला बोटाने टिचक्या मारा, पापुद्र्याला चिकटलेली हवा वर येते. तासाभराने पुन्हा बघा. हवा परत जमली असेल तर ती टाकीकडून कुठल्या तरी सांध्यातून ओढली जात आहे.

०.२ मायक्रॉनचा तो फिल्टर कधी बदलला होता हे कुणालाच आठवत नसेल तर उत्तर मिळालंच: बदला.

बुडबुडे काढले तरी पुन्हा येतात.

शीथ थंड खोलीतून थेट आणून ओतलं का? थंड द्रवात हवा जास्त विरघळते. मशीनच्या आत तो कोमट झाला की तीच हवा बारीक बुडबुड्यांनी बाहेर पडते. आदल्या दिवशी शीथ मशीनच्या खोलीत आणून ठेवा. ओतताना फेस होईल असं उंचावरून ओतू नका.

फ्लो सेलमध्ये अडकलेल्या बुडबुड्यासाठी प्राइमची सोय असते: फ्लो सेल रिकामा करून पुन्हा भरला जातो. दोन-तीनदा करा. हट्टी बुडबुडा असेल तर आधी डिटर्जंट मिसळलेलं पाणी आत जाऊ द्या, काचेवरची त्याची पकड सुटते. मग पुन्हा प्राइम.

सॅम्पल लावलेलंच नाही, तरी इव्हेंट धो धो येत आहेत.

कचरा शीथमधून येतोय की सॅम्पलच्या वाटेतून, एवढंच आधी ठरवा. ट्यूब काढून शीथ चालू ठेवा. तरीही इव्हेंट आले तर टाकी, नळ्या, फिल्टर. फक्त ट्यूब लावल्यावर आले तर सुई, किंवा ट्यूबमधलं पाणीच. ०.२ मायक्रॉनमधून गाळलेलं ताजं पाणी लावून खात्री करा. बाटलीतलं ‘शुद्ध’ पाणी बरेचदा शुद्ध नसतं.

बुडबुडेही प्रकाश विखुरतात आणि इव्हेंट म्हणून मोजले जातात. त्यांचा ठिपक्यांचा ढग एका जागी न बसता प्लॉटभर पसरतो.

ट्यूब लावली की दाब बनत नाही, सुस्कारा ऐकू येतो.

ट्यूबच्या तोंडाला बारीक तडा, किंवा चुकीच्या मापाची ट्यूब, किंवा ट्यूब ज्यावर बसते ती ओ-रिंग. याच क्रमाने बघा. ओ-रिंगवर पांढरी पूड असेल तर ओल्या कापडाने पुसून पुन्हा लावा, चीर असेल तर बदला.

आमचं मशीन पंपावर चालतं, दाबाच्या टाकीवर नाही. मग वरचं लागू होतं का?

मीठ, वाढ आणि हवा सगळीकडे सारखीच. फरक पंपाचा. पेरिस्टाल्टिक पंपाची नळी बाहेर काढून बोटांत फिरवा. एका जागी चपटी राहिली असेल तर ती प्रत्येक फेरीला कमी द्रव ढकलते. नवी टाकल्यावर फ्लो रेट पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, नाहीतर मोजलेली पेशीसंख्या चुकते. सिरिंज पंप असेल तर बॅरलमध्ये दट्ट्याच्या मागे ओल दिसते का बघा. दिसली तर सील गेलं.

दाखवलेला फ्लो रेट खरा आहे का, हे घरच्या घरी मोजता येतं?

येतं, आणि वजनकाट्याशिवाय काहीच लागत नाही. एक मायक्रोलिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक मिलिग्रॅम. ट्यूबमध्ये पाणी घेऊन वजन करा, दहा मिनिटं चालवा, बाहेरून पुसून पुन्हा वजन करा. मशीन मिनिटाला ६० मायक्रोलिटर म्हणत असेल तर ६०० मिलिग्रॅम कमी व्हायला हवेत. ४२० च झाले तर तीस टक्के तूट आहे.

काही मशीन ट्यूब लावल्याबरोबर सुरुवातीचं सॅम्पल जोरात वर ढकलतात, त्याने हिशेब चुकतो. म्हणून एकदा दोन मिनिटं आणि एकदा बारा मिनिटं चालवा, दोन घटींची वजाबाकी करा. उरतो तो निव्वळ दहा मिनिटांचा प्रवाह. ही मोजणी मशीन ठणठणीत असताना करून वहीत लिहून ठेवली असेल तर आज तिचं सोनं होतं.

शीथ संपलंय. तात्पुरतं डिस्टिल्ड पाणी चालवू का?

सफाईला जरूर. मोजणीसाठी मशीनवर अवलंबून आहे: काही छोटे अॅनालायझर गाळलेल्या पाण्यावरच चालतात. पण पीबीएससाठी बसवलेल्या मशीनमध्ये पाणी घातलं की सॅम्पल आणि शीथ यांचा अपवर्तनांक जुळत नाही आणि स्कॅटर (पेशींनी विखुरलेला प्रकाश) बदलतं. सॉर्टरमध्ये तर नाहीच. थेंबाला विद्युतभार द्यायला क्षार लागतात.

सगळं ठीक दिसतंय. रुग्णांचे किंवा महत्त्वाचे सॅम्पल लावू का?

लगेच नको. आधी बीड्सची शिखरं जुन्या नोंदींशी जुळवा, मग गाळलेल्या पाण्यावर पार्श्वभूमी बघा, मग कमी किमतीचं एखादं सॅम्पल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सगळं पुन्हा. जैविक थराचे तुकडे रात्रभरात सुटतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या निकालावर माझा विश्वास बसत नाही. पेशी ३५ किंवा ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळूनच लावा. नुकत्याच मोकळ्या केलेल्या सुईत गुठळी अडकवून घेण्यात अर्थ नाही.

पुन्हा महिनाभर बंद ठेवायचंय.

खरं तर पूर्ण बंद ठेवूच नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास कुणीतरी सुरू करून पाणी फिरवलं तरी वरचे निम्मे प्रश्न उद्भवत नाहीत. ते शक्यच नसेल तर ब्लीच, पाणी, डिटर्जंट, पाणी अशी पूर्ण सफाई करा, शीथची टाकी रिकामी करून कोरडी करा, फिल्टर काढून ठेवा, पंपाची नळी रोलरवरून सोडवा. सुई पाण्यात बुडवलेली ठेवा, पण ट्यूबमध्ये १ मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी नको. दाब बंद झाल्यावर व्हॅक्युम थोडं पाणी ओढू शकतो, आणि ट्यूब जास्त भरलेली असली की ते नको तिथे जातं. वेस्टची टाकी रिकामी करायला विसरू नका, तो वास नंतर आठवडाभर खोलीत राहतो.

सर्व्हिस इंजिनिअरला कधी बोलवायचं?

फ्लो सेलच्या आत अडकलेला, प्राइम आणि सफाईने न हललेला अडथळा. मशीनच्या आत कुठेही गळती. रेग्युलेटरवर दाब स्थिर न राहणं. या तिन्हीत स्वतः हात घालू नका. फोन करताना ‘चालत नाही’ एवढंच न सांगता वेळेच्या प्लॉटचा फोटो, बीड्सचा आजचा आणि जुना सीव्ही, वजनाने मोजलेला फ्लो रेट आणि सुईला थेंब येतो की नाही हे कळवा, म्हणजे तो योग्य सुटा भाग घेऊनच येईल. मशीन निर्जंतुक केल्याची सही असलेली नोंदही तयार ठेवा. तिच्याशिवाय बरेच इंजिनिअर झाकण उघडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.